सरोजिनीबाईंचा चिनी डाव

"काकू, हत्ती," मोनिका म्हणाली.

सरोजिनीबाईंचं बोट सोंगटीवर तसंच राहिलं. लाल अक्षर कोरलेली ती लाकडी चकती त्यांनी सरळ रेषेत पुढे सारली होती, पटाच्या मधोमध आखलेल्या नदीच्या पार.

"सरळ गेला का गं?"

"सरळ गेला, शिवाय पोहून पलीकडंही गेला. चिनी हत्ती पाण्यात उतरत नाही, काकू. तिरका चालतो, दोन पावलं, आणि आपल्याच काठावर राहतो. काल सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस," बाई म्हणाल्या आणि हसल्या. हसण्यासारखं काही नव्हतं. एका आठवड्यात ही चौथी खेप.

डिसेंबरातली दुपार होती. साखर कारखान्याचं गळीत सुरू झाल्यापासून कोपरगावच्या त्या गच्चीवर रोज काजळीचे बारीक काळे तुकडे उतरत. दोरीवरच्या कपड्यांवर बसत, पटावरही बसत. फुंकर मारून ते उडवायचे आणि पुढची चाल करायची. मोनिका गच्चीला लागून असलेल्या वरच्या खोलीत राहायची. तिचे वडील छगन नदीकाठच्या वस्तीवर ऊस लावत. पोरगी चीनमध्ये डॉक्टरकी शिकून आली, पण इथं काम करण्याआधी द्यावी लागते ती परीक्षा सात गुणांनी हुकली. वस्तीवर माणसांची, ट्रॅक्टरची ये-जा, तिथं अभ्यास होईना. म्हणून छगननं तिला आपल्या जुन्या सरांच्या घरी आणून ठेवलं होतं. हे सर म्हणजे सरोजिनीबाईंचे यजमान मार्तंडराव. हायस्कुलात त्यांनी तीस वर्षं संस्कृत शिकवलं.

चीनहून येताना मोनिकानं बत्तीस चकत्यांची एक पिशवी आणि घडीचा पट आणला होता. टाळेबंदीत होस्टेलला कुलूप होतं, तेव्हा पहारा करणाऱ्या म्हातारीनं तिला हा खेळ शिकवला. आता अभ्यासाचा कंटाळा आला की ती दोन्ही बाजू स्वतःच खेळत बसायची. नोव्हेंबरात एक दिवस कपडे काढायला आलेल्या सरोजिनीबाई तिच्यामागे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला शिकवशील?"

मोनिकाला वाटलं, काकूंना वेळ जात नसेल. तसं तिनं वडिलांनाही सांगितलं. खऱ्या कारणाबद्दल काकूंनी ताकास तूर लागू दिली नव्हती.

बाई पोस्टातून निवृत्त झालेल्या. चौतीस वर्षं नोकरी, त्यातली पहिली अकरा टपाल छाटण्यात गेली. पाकिटावरचा पत्ता डोळ्यांनी वाचायच्या आधी हात खणाकडे गेलेला असायचा. लोक म्हणत, बाईंच्या डोक्यात तालुक्याचा नकाशा आहे. त्या डोक्याचा बाईंना अभिमान होता आणि त्याच डोक्याची आता भीती वाटत होती. त्यांची आई त्रेसष्टाव्या वर्षापासून विसरू लागली होती. आधी आमटीत दोनदा मीठ. मग सरोजिनीला मावशीच्या नावानं हाक. एका संध्याकाळी आई उंबऱ्यावर उभी राहून विचारत होती, "सरू, मी आत येतेय की बाहेर जातेय?" सरूनं तिचा हात धरून तिला आत घेतलं. येत्या फाल्गुनात बाईंना त्रेसष्टावं लागणार होतं.

तरीही नुसती भीती असती तर त्यांनी ती गिळली असती. गिळता येत नव्हती ती दसऱ्यानंतरची एक सकाळ.

मार्तंडरावांना इन्सुलिन लागायचं. रोज सकाळी नाश्त्याआधी, वीस युनिट. सुईला ते लहान मुलासारखे भ्यायचे. पोटाची चिमूट बाईंच्या हाती दिली की मान खिडकीकडे वळवायची, डोळे मिटायचे, स्तोत्र पुटपुटायचं. चार वर्षं हे काम बाईंचं होतं. त्यांची पद्धत ठरलेली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात बारीक खूण करायची, मग इन्सुलिनच्या पेनला सुई लावायची आणि टोचायचं. आधी खूण, मग काम. पोस्टात दिवस असाच सुरू व्हायचा. सकाळी शिक्क्यातली तारीख बदलायची, वहीत एक ठसा उमटवायचा, आणि त्यानंतरच पहिल्या पाकिटाला हात लावायचा. चौतीस वर्षांत तो क्रम एकदाही उलटा झाला नव्हता.

त्या सकाळी खूण झाली. मग दारावर गॅसवाला आला. सिलेंडर आत घेतला, रिकामा बाहेर दिला, परत येऊन बघतात तर टेबलावर पेन टोपण लावून पडलेलं, भिंतीवर खूण, आणि मार्तंडराव वर्तमानपत्रात. दिलं का आपण? आठवेना. आठवणीच्या जागी हात घातला तर तिथं काहीच लागेना, भिंतीवरून खिळा निघाल्यावर राहतं तसं नुसतं भोक. खूण तर आधीच होते, म्हणजे टोचायचं राहिलं असणार, असं त्यांनी ठरवलं. नवऱ्याला विचारलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं. पण "मी दिलं का हो?" हे त्यांना विचारवेना. विचारलं की ते बोललं गेलं असतं, आणि बोललं की खरं झालं असतं.

त्यांनी टोचलं. कधी कधी पहिली सुई नीट बसायची नाही, म्हणून दुसऱ्यांदा टोचून घेणं मार्तंडरावांना नवं नव्हतं. त्यांनी मान वळवली, स्तोत्र म्हटलं.

साडेदहाला त्यांचा सदरा घामानं भिजला. जीभ जड झाली. बाईंकडे बघून ते म्हणाले, "बाई, मुलांना सोडा आता." बाईंनी साखर चमच्यानं त्यांच्या तोंडात घातली, अर्धी दातांवरच राहिली. रिक्षात त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बाई मनात एकच गोष्ट घोकत होत्या, देवाचं नाव सोडून. दोनदा दिलं. दोनदा दिलं.

डॉक्टरांनी विचारलं, "काही खाल्लं नव्हतं का?"

बाई म्हणाल्या, "नाश्ता कमीच केला त्यांनी."

मार्तंडराव शुद्धीवर आले तेव्हा त्यांना हेच कळलं. त्यांनी दोष निमूट पदरात घेतला. तेव्हापासून रोज सकाळी एक पोळी जास्त खायचे. भूक नसली तरी खायचे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "माझाच हलगर्जीपणा. हिनं वाचवलं." बाई तेव्हा स्वयंपाकघरात काहीतरी घासत असायच्या.

वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्यांनी वाचलं होतं की माणसाला अगदी नवी गोष्ट शिकता येते का, यावरून त्याच्या स्मरणाबद्दल बरंच कळतं. ते वाक्य त्यांनी धरून ठेवलं. स्वतःशी एक करार केला. संक्रांतीच्या आत हा चिनी खेळ शिकायचा. एकही नियम न विचारता एक पूर्ण डाव खेळायचा. जमलं, तर ती सकाळ पोटात ठेवायची आणि टोचत राहायचं. जमलं नाही, तर सगळं सांगायचं आणि पेन खाली ठेवायचं. रोज सकाळी त्या पेनचं टोपण काढायच्या आणि दुपारी गच्चीवर चढायच्या.

खेळही असा होता की भ्यालेल्या माणसाला त्यात आणखी भ्यायला जागा मिळावी. सोंगट्यांना ना सोंड ना आयाळ, सगळ्या सारख्या गोल, आणि वर न वाचता येणारं अक्षर. आयुष्यभर दुसऱ्यांचे पत्ते वाचलेल्या बाईंना पहिल्यांदाच अक्षरापुढे आंधळं झाल्यासारखं वाटलं. सोंगट्या घरांत बसत नाहीत, रेघा जिथं एकमेकींना कापतात त्या बिंदूंवर बसतात. राजाला नऊ बिंदूंचा महाल, त्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. त्याचे दोन रक्षकही तिथंच कोंडलेले, तिरके तिरके फिरणारे. घोडा आपल्यासारखाच अडीच घरं, पण त्याच्या पुढ्यात कुणी उभं असेल तर त्याचा पाय अडतो, उडी मारता येत नाही. रथ सरळ, लांबवर. तोफही सरळच चालते, पण मारताना तिला मधे कुणीतरी एक लागतो, त्याच्या डोक्यावरून मारते. शिपाई नदी ओलांडेपर्यंत फक्त पुढे. ओलांडल्यावर बाजूलाही सरकतो, मागे कधीच नाही.

"आणि दोन राजांनी एकमेकांकडं बघायचं नाही," मोनिका म्हणाली होती. "मधली रेघ मोकळी पडली आणि दोघं समोरासमोर आले, तर ती चाल करताच येत नाही. मधे कुणीतरी हवंच."

"बघितलं तर काय होतं?"

"काही होत नाही. तशी वेळच येऊ द्यायची नाही."

त्या दिवसापासून सकाळी पोळी वाढताना बाई मार्तंडरावांच्या डोळ्यांकडे बघायचं टाळू लागल्या होत्या की आधीपासूनच टाळत होत्या, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं.

हे सगळं त्यांनी हळूहळू पाठ केलं. अडायचा तो हत्ती. लहानपणी संगमनेरला वडिलांनी त्यांना आपलं बुद्धिबळ शिकवलं होतं. त्यात हत्ती म्हणजे सरळ, नाकासमोर. चिनी पटावर ते काम रथाचं, आणि हत्ती तिरका. हे त्यांना कळत होतं, पण बोट ऐकत नव्हतं. बोट सरळ जायचं, आणि प्रत्येक वेळी त्यांना आई दिसायची, उंबऱ्यावर.

छगन दर रविवारी यायचा. पोरीला भाकरी-ठेचा आणि सरांना पालेभाजी. गच्चीवर दोघींना पटावर वाकलेलं बघून तो कपाळाला हात लावायचा.

"काकू, सहा वर्सं चीनला ठिवली हिला. म्हनलं मोठी डागतर हून यील. आली ती सोंगट्या घिऊन."

"अण्णा, तुम्ही पारावर पत्ते कुटता ते?" मोनिका वर न बघता म्हणाली.

"आमी कुठं परीक्षा द्यायची हाय?" छगन बाईंकडे वळला. "काकू, तुमच्यापुढं लई शानी वागती ही. जरा कान धरा हिचा. आन् तुमी तरी कशाला डोक्याला ताप करून घेता ह्या वयात? चिन्यांचा खेळ. त्यांचं आपलं काय देनं ना घेनं."

"वय झालं म्हणूनच, छगन," बाई म्हणाल्या.

"सरांला बरं वाटतंय न्हवं आता? जेवत्यात का?"

"जेवतात."

"तुमी हाय म्हनून. दुसरी कुनी असती तर त्या दिशी सर गेलंच हुतं."

बाईंनी पटावरची काजळी फुंकली. काजळी नव्हती तिथंही फुंकली.

पौषातली थंडी वाढली. हत्ती हळूहळू वळणावर आला. सात दिवस गेले, दहा गेले, तो सरळ गेला नाही. भोगीच्या दिवशी, संक्रांतीच्या आदल्या दुपारी, बाई म्हणाल्या, "आज पूर्ण डाव. तू काही सांगायचं नाहीस, मी काही विचारायचं नाही. आणि मी सगळ्या चाली लिहून काढणार." त्यांनी जुनी वही आणली होती. पुरावा हवा होता, स्वतःपुरता.

डाव सुरू झाला. बाई वहीत लिहायच्या, मग सोंगटी हलवायच्या. तोफ मधल्या रेघेवर. डावा घोडा पुढे. उजवा हत्ती तिरका. बोट आज्ञाधारकासारखं चाललं होतं. एका ठिकाणी घोड्याचा पाय अडलेला त्यांनी मोनिकाच्या आधी ओळखला. जमतंय. पोटात ठेवता येईल.

त्यांनी लिहिलं, 'मधला शिपाई, एक पुढे.' तेवढ्यात खालून छगनची हाक आली, "काकू, ऊस, बोरं आन् हरभरा आनलाय सुगडाला. दार उघडा, हातात मावंना." बाई खाली गेल्या. ऊस कोपऱ्यात उभा केला, बोरं निवडून बाजूला काढली, छगनला चहा दिला. वर आल्या, बसल्या, वहीत बघितलं. मधला शिपाई, एक पुढे. लिहिणं आधी होतं, म्हणजे चाल राहिली असणार. त्यांनी मधला शिपाई उचलला आणि एक बिंदू पुढे ठेवला.

मोनिकानं बोलायचं नाही असं ठरलं होतं. पण तिचा हात सोंगटीकडे गेला नाही.

"काय झालं?"

"काकू, तो तुम्ही जाण्याआधीच हलवला होता. आता दोनदा झाला."

बाईंनी शिपायाकडे बघितलं. तो नदीच्या पलीकडे उभा होता. त्यांना गॅसवाला दिसला, टोपण लावलेलं पेन दिसलं, भिंतीवरची खूण दिसली. सगळं तेच, एका वहीभर अंतरावर.

"पण बाकी एकही चूक नाही," मोनिका समजुतीनं म्हणाली. "हत्तीसुद्धा बरोबर. तुम्ही आधी लिहिता ना, म्हणून घोटाळा होतो. आधी खेळा, मग लिहा. आधी का लिहिता?"

"पोस्टात तसंच असायचं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी वही मिटली. करारातली अट पुरी झाली होती, त्यांनी एकही नियम विचारला नव्हता. गप्प बसता आलं असतं. त्या गप्प बसायलाही निघाल्या होत्या, पण तोंडातून दुसरंच आलं.

"मोनिका, सरांना त्या दिवशी मी दोनदा टोचलं होतं."

त्यांनी सगळं सांगितलं. आवाज चढला नाही. मोनिकानं हातातली सोंगटी खाली ठेवली.

"रोज कॅलेंडरवर आधीच खूण करता? अजूनही?"

"हो."

"आणि त्या दिवसानंतर?"

"रोज यंत्रावर साखर बघते. मग टोचते. मग तासभर त्यांच्या कपाळाकडे बघत बसते."

"काकू, मला अजून डॉक्टर म्हणायचा परवाना नाही. पण ही पद्धत घातक आहे एवढं कळायला परवाना लागत नाही. मधे कुणी हाक मारली की खुणेला काही अर्थच उरत नाही. तरण्याताठ्या माणसाकडूनही हे होईल."

"म्हणजे आईचं ते नाही मला."

"तसं मी नाही म्हणत."

"तू 'नाही' म्हणत नाहीस."

"खोटं कसं सांगू? दोन्ही असू शकतं. पद्धतही चुकलेली, आणि तेही. तपासून घ्यायला हवं. आणि तोवर पेन तुमच्या एकटीच्या हातात नको."

बाईंनी मान हलवली. इतके दिवस त्यांना वाटत होतं की निकाल लागला की भीती जाईल, इकडे नाहीतर तिकडे. निकाल असाही असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी वाढून त्या समोर बसल्या. मार्तंडरावांनी पहिला घास घेतला. तो गिळून होईपर्यंत त्या थांबल्या आणि मग दसऱ्यानंतरची ती सकाळ सांगितली. यावेळी त्यांनी नजर चुकवली नाही.

मार्तंडरावांच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच राहिला.

"म्हणजे अडीच महिने," ते म्हणाले, "मी ती जास्तीची पोळी फुकटच खातोय."

बाईंना हसू आलं नाही. मार्तंडरावांनाही नव्हतं आलं. तुकडा त्यांनी ताटात ठेवला.

"मी लोकांना सांगत फिरलो, सरू. हिनं वाचवलं म्हणून. तू आत भांडी घासायचीस."

"हो."

"एकदाही बाहेर आली नाहीस."

"भीती वाटली."

"मला विचारायचं तरी, त्या सकाळी. मी घरातच होतो ना गं. तीन हातांवर."

"तुम्ही मला वेड्यात काढाल असं नाही वाटलं. तुम्ही खरं सांगाल असं वाटलं."

ते उठले, हात धुतले, भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर जाऊन उभे राहिले, पण काही वाचत नव्हते.

"शौनकला कळवायचं?" त्यांनी विचारलं. मुलगा पुण्यात होता.

"उद्या सकाळी मीच सांगते फोनवर. आणि नगरला दाखवायला जायचं. मोनिका डॉक्टरांचं नाव काढून देते म्हणाली."

"तपासणीत काय निघेल?"

"कसं सांगू?"

"उद्या टोचणार कोण मग?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मार्तंडरावांनी उत्तर ओळखलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "मला जमणार नाही. तुला माहीत आहे. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येते."

"मी शेजारी बसते. मी फक्त बघेन. तुम्ही करायचं."

"आणि काय बघायचं ते तूच विसरलीस तर?"

हे बोलून त्यांना वाईट वाटलं असावं. पण शब्द परत घेतला नाही, आणि बाईंनाही तो परत घ्यावासा वाटला नाही. कुणीतरी तो म्हणायलाच हवा होता.

"मग तुम्हाला आठवेल," त्या म्हणाल्या. "तुमचाच हात असेल."

संक्रांतीच्या सकाळी मार्तंडराव खाटेवर बसले, सदरा वर केलेला, पेन उजव्या हातात. गारठा होता, तरी कपाळावर घाम. बाई समोर स्टुलावर. त्यांनी एकेक पायरी सांगितली, हळू, जशी मोनिकानं त्यांना घोड्याची चाल सांगितली होती तितकी हळू. सुई फिरवून घट्ट करा. वीसवर आणा. मला दाखवा. चिमूट धरा. आता सरळ.

"डोळे मिटू?"

"नाही. आज नाही."

ते स्तोत्र म्हणू लागले, मधेच थांबले, आणि त्यांनी टोचलं. तोंडातून बारीक आवाज आला, लहान मुलाचा.

"गुंडी दाबा. पूर्ण. आता सुई काढायची नाही. दहा मोजायचे."

"तू मोज."

बाई मोजू लागल्या. एक. दोन. तीन. आवाज स्वच्छ होता. चार. पाच. मार्तंडराव स्वतःच्या पोटाकडे बघत होते, जन्मात पहिल्यांदा. सहा. आणि बाई थांबल्या. घसा दाटला म्हणून, की पुढचा आकडा आलाच नाही म्हणून, हे त्यांना कळेना. त्यांनी तो शोधला. दोन श्वासांएवढा वेळ गेला असेल. त्यांना तो फार लांब वाटला.

मार्तंडरावांनी मान वर केली. दोघांची नजर समोरासमोर आली आणि मधे कुणी नव्हतं.

"सात," ते म्हणाले.

"आठ," बाई म्हणाल्या.

पुढचे दोन त्यांनी मिळून मोजले.